आधीं गुणाकार कां?

२ + ३ × ४ याची किंमत किती, असा प्रश्न कोणा सुशिक्षित गृहस्थास विचारला तर तो क्षणभरहि न थांबतां 'चौदा' असें उत्तर देईल. ज्या बालकास बेरीज व गुणाकार येतात, परंतु क्रियांच्या क्रमाचा नियम अद्याप ठाऊक नाहीं, तें बालक 'वीस' म्हणेल. दोन आणि तीन पांच, पांच चोक वीस. त्याची बेरीज बरोबर आहे, त्याचा गुणाकारहि बरोबर आहे. तथापि त्याच्या वहीवर लाल शाईची फुली पडते. आम्ही या लेखांत विचार करणार आहों तो या फुलीचा. ती कोणत्या अधिकारानें पडते? बालकानें संख्यांविषयीं कांहीं असत्य विधान केलें आहे काय? केलें नसेल, तर त्याचें चुकलें तें काय? आणि 'तुझें चुकलें' असें आपण त्यास सांगतों तेव्हां आपण त्यास गणित शिकवीत असतों, भाषा शिकवीत असतों, कीं केवळ आज्ञापालन शिकवीत असतों?

प्रश्न दिसावयास क्षुल्लक आहे, आणि चार आकड्यांच्या हिशेबावरून नीतीच्या गोष्टी बोलूं लागणें कित्येकांस हास्यास्पदहि वाटेल. परंतु आमच्या मतें 'हें असें आहे' आणि 'हें असें ठरलें आहे' या दोन वाक्यांतील भेद मनुष्यास जितक्या लवकर उमगेल तितकें त्याचें पुढील आयुष्य शहाणपणाचें होतें. तो भेद ज्यास कधींच उमगला नाहीं तो मनुष्य रूढीस सनातन सत्य समजून तिच्यापायीं दुसऱ्यांस छळतो. आणि ज्यास तो अर्धवट उमगला तो 'सर्व कांहीं ठरविलेलेंच आहे' असें म्हणून कोणतीच मर्यादा मानीत नाहीं. हा भेद निरुपद्रवी रीतीनें, कोणाचेंहि मन न दुखवितां, शिकविण्याची पहिली संधि अंकगणिताच्या तासालाच येते. ती संधि बहुधा वायां जाते, म्हणून हा प्रपंच.

प्रथम यांत सत्य कोठें आहे तें पाहूं. तीन चोक बारा हें सत्य आहे. तें कोणी ठरविलें नाहीं, आणि कोणाच्या ठरावानें तें बदलणारहि नाहीं. बारांत दोन मिळविले कीं चौदा होतात, हेंहि तसेंच. दोन व तीन यांची बेरीज करून ती चौपट केली कीं वीस होतात, हेंहि तितकेंच अढळ आहे. चौदा व वीस यांचें आपसांत कांहींच भांडण नाहीं; तीं दोन निरनिराळ्या प्रश्नांचीं उत्तरें आहेत. वाद आहे तो इतकाच कीं, २ + ३ × ४ ही कागदावरील ओळ त्या दोहोंपैकीं कोणता प्रश्न विचारते. याचा निर्णय संख्यांच्या स्वभावांत शोधूं गेल्यास सांपडणार नाहीं. ओळ हें लेखन आहे, आणि लेखनाचा अर्थ लिहिणारा व वाचणारा यांच्यामधील समजुतीवर उभा असतो. म्हणून वीस म्हणणाऱ्या बालकाची चूक ही गणनेची चूक नसून वाचनाची चूक आहे.

ज्या चिन्हांची ही ओळ बनली आहे तीं चिन्हेंहि फारशीं पुरातन नाहींत. अधिक व उणे यांचीं चिन्हें छापील ग्रंथांत प्रथम दिसतात तीं १४८९ सालीं लाइप्झिग येथें निघालेल्या योहानेस विडमन याच्या पुस्तकांत. बरोबरीचें चिन्ह रॉबर्ट रेकॉर्ड यानें इंग्लंडांत १५५७ सालीं योजिलें. गुणाकाराची तिरपी फुली विल्यम ऑट्रेड याच्या १६३१ च्या ग्रंथांत आली. आणि भागाकाराचें ÷ हें चिन्ह योहान रान यानें १६५९ सालीं वापरलें. आपल्या देशांतील जुने गणिती निराळींच चिन्हें वापरीत. १८८१ सालीं पेशावरनजीक सांपडलेल्या बखशाली हस्तलिखितांत आजच्या अधिकच्या चिन्हासारखी फुली आहे. पण ती संख्येच्या उजवीकडे लिहिली कीं ती संख्या ऋण समजावयाची. भास्कराचार्यांच्या बीजगणितांत ऋण संख्येच्या माथ्यावर टिंब देतात, आणि दोन पदें शेजारीं शेजारीं लिहिलीं कीं त्यांची बेरीज समजतात. आज आपण 'अ' या अक्षरापूर्वीं ३ लिहिला कीं त्यांचा गुणाकार समजतों. पण ३ च्या शेजारीं अर्ध्याचा अपूर्णांक लिहिला कीं साडेतीन, म्हणजे बेरीज, समजतों. एकाच वहींत, एकाच हातानें, शेजाराचे हे दोन अर्थ आपण नित्य वापरतों आणि आपणांस त्यांत कांहीं विसंगत वाटत नाहीं. संवय झाली म्हणजे संकेत दिसेनासा होतो, तो असा.

शब्द व अर्थ यांचा संबंध स्वाभाविक कीं सांकेतिक, हा वाद आपल्या दर्शनकारांनीं फार सूक्ष्मपणें केला आहे. मीमांसक तो संबंध नित्य मानतात. नैयायिकांच्या मतें अमुक शब्दापासून अमुक अर्थ समजावा अशा संकेतामुळें तो सिद्ध होतो. शाळेंतील मुलें या बाबतींत बहुधा मीमांसकांच्या पक्षाचीं असतात. गाईस 'गाय' म्हणतात, कारण ती गायच आहे. आणि गुणाकार आधीं करावयाचा, कारण तो आधींच करावयाचा असतो. या समजुतीबद्दल मुलांस दोष देतां येत नाहीं. परंतु शिक्षकहि त्याच समजुतींत राहिला, किंवा सोय म्हणून त्यानें मुलांस त्या समजुतींत राहूं दिलें, तर मात्र विचार करण्याजोगी स्थिति उत्पन्न होते.

संकेत असला तरी तो कोणी लहरीनें लादलेला नाहीं, हेंहि येथेंच सांगितलें पाहिजे. मुलानें दहा रुपयांची एक पेन्सिल आणि तीस रुपयांच्या दोन वह्या घेतल्या. हिशेब मांडला तो असा: १० + २ × ३०. गुणाकार आधीं केला तर सत्तर रुपये होतात. बेरीज आधीं केली तर तीनशें साठ. सत्तर देऊन मूल घरीं येतें. तीनशें साठ मागणाऱ्या दुकानदाराकडे तें पुन्हां जाणार नाहीं. व्यवहारांत आपण बहुतेक वेळां प्रथम ढीग करतों आणि मग ढीग एकत्र आणतों. अमुक भावाच्या अमुक वस्तु, तमुक भावाच्या तमुक वस्तु, आणि शेवटीं एकूण. गुणाकार हा ढिगाचा हिशेब आणि बेरीज ही एकुणाची. जें लिखाण वारंवार लागतें तें थोडक्या चिन्हांत व्हावें, आणि जें क्वचित् लागतें त्यास कंसाचा खर्च पडावा, ही काटकसर या नियमाच्या मुळाशीं आहे. आपली दशमान संख्यालेखनाची रीतिहि हीच आहे. ३०५ म्हणजे तीन गुणिले शंभर अधिक पांच. 'तीनशें पांच' हे शब्द ऐकून कोणी एकशें पांचाची तिप्पट करीत नाहीं. म्हणजे 'आधीं गुणाकार' हा नियम पुस्तकांत वाचण्यापूर्वींच मूल आपल्या तोंडानें तो पाळीत असतें.

पण तेंच मूल 'साडेतीनशें' म्हणतें तेव्हां काय होतें? साडेतीनशें म्हणजे तीनशें आणि अर्धा नव्हे. तेथें तीन व अर्धा यांची बेरीज आधीं होते आणि मग तिची शंभरपट होते. सव्वाशें म्हणजे एकशें पंचवीस; तेथेंहि बेरीज आधीं. पावणेदोनशें म्हणजे दोनांतून पाव वजा करून उरलेल्याची शंभरपट, एकशें पंचाहत्तर. तेथें वजाबाकी आधीं. 'साडे', 'सव्वा', 'पावणे' हे शब्द पुढच्या अंकास असे घट्ट चिकटतात कीं ते कंसाचें काम करतात. ज्या पूर्वजांनीं निमकी, पाउणकी, दिडकी, अडीचकी तोंडपाठ करून बाजार केला त्यांस 'क्रियांचा क्रम' हें प्रकरण कोणी शिकविलें नव्हतें. त्यांच्या भाषेनेंच तें त्यांस शिकविलें होतें, आणि त्यांच्या भाषेंत दोन्ही क्रम सुखानें नांदत होते.

श्लोकबद्ध गणिताची तऱ्हा याहून वेगळी. इ. स. ११५० च्या 'लीलावती'मध्यें व्यस्तविधीचें एक प्रसिद्ध उदाहरण आहे, त्याचें उत्तर २८ येतें. ताळा पाहूं: २८ ची तिप्पट ८४, तींत तिचाच पाऊण भाग, म्हणजे ६३, मिळवून १४७, त्याचा सातवा भाग २१, त्यांतून त्याचा तृतीयांश वजा जातां १४, त्याचा वर्ग १९६, त्यांतून ५२ गेले, राहिले १४४, त्याचें वर्गमूळ १२, त्यांत ८ मिळवून २०, आणि त्याचा दहावा भाग २. इतक्या क्रिया एकापुढें एक आल्या असूनहि कोठें कंस नाहीं, आणि कोठें संशयहि नाहीं. कारण प्रत्येक क्रिया ज्या क्रमानें करावयाची त्याच क्रमानें ती सांगितली आहे. 'गुणून', 'मिळवून', 'भागून' हीं आपलीं पूर्वकालवाचक धातुसाधितें क्रम दाखविण्यासाठींच आहेत. क्रमाचा प्रश्न उत्पन्न होतो तो आपण बोलणें सोडून खुणा लिहूं लागतों तेव्हां. खुणेनें जागा वांचते, वेळ वांचतो, विचार दूरवर जातो. आणि जी गोष्ट भाषा आपण होऊन सांगत होती ती आतां मुद्दाम ठरवावी लागते.

ती निराळ्या रीतीनेंहि ठरवितां येते. केनेथ आयव्हर्सन या गणितज्ञानें १९६२ सालीं आपल्या ग्रंथांत मांडलेल्या लेखनपद्धतींतून पुढें 'एपीएल' नांवाची संगणकाची भाषा निघाली. तींत बेरीज, गुणाकार व इतर साऱ्या क्रिया एकाच दर्जाच्या आहेत. प्रत्येक क्रिया आपल्या उजवीकडचें सर्व आधीं पुरें झालें असें धरून चालते. त्या भाषेंत २ × ३ + ४ याचें उत्तर दहा नसून चौदा आहे, आणि तेंच तेथें बरोबर आहे. दुकानदाराच्या गल्ल्यावरील साधें गणकयंत्र जसजशी कळ दाबावी तसतशी क्रिया उरकीत जातें. त्यावर आपली आरंभींची ओळ तशीच्या तशी दाबली तर तें बहुधा वीस दाखवितें. म्हणजे ज्या उत्तरावर बालकास फुली मिळाली तेंच उत्तर देणारें यंत्र त्याच्या वडिलांच्या टेबलावर असूं शकतें. हुशार मूल एखाद्या दिवशीं तें पाहतें आणि विचारतें, "मग खरें कोण?" या प्रश्नाला "तूं पुस्तकांतलें कर" एवढेंच उत्तर देणें म्हणजे सत्याचा निकाल छडीनें लावणें होय.

येथें दुसऱ्या टोकाचे आक्षेपक पुढें येतील. ते म्हणतील, "हा केवळ संकेत आहे हें तुम्हीच सिद्ध केलें, मग तो पाळण्याचें बंधन कसलें? आमचें उत्तर वीस." महाविद्यालयांत शिकवितांना ही वृत्ति आम्हांस पुष्कळदां आढळते. एखादी गोष्ट निसर्गसिद्ध नाहीं, मनुष्यांनीं ठरविलेली आहे, इतकें कळलें कीं तरुण मनास ती पोकळ वाटूं लागते. परंतु 'ठरविलेलें' आणि 'पोकळ' हे समानार्थी शब्द नव्हेत. डेव्हिड ह्यूम यानें १७४० सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथाच्या खंडांत एका नावेंतील दोन वल्हेकऱ्यांचा दृष्टांत दिला आहे. त्यांनीं एकमेकांस कांहीं वचन दिलेलें नसतें. तरी दोघे एका ठेक्यांत वल्हें मारतात, कारण त्याशिवाय नाव पुढें जात नाहीं. अमुकच ठेका पवित्र आहे असें नाहीं. परंतु एकानें आपल्या लहरीनें ठेका मोडला तर दुसऱ्याचे श्रम फुकट जातात.

स्वीडन देशांत वाहनें रस्त्याच्या डाव्या बाजूनें चालत. ३ सप्टेंबर १९६७ रोजीं पहाटें साऱ्या देशानें एकाच वेळीं उजवी बाजू धरली. उजवी बाजू डावीहून अधिक नीतिमान आहे असें कोणीहि म्हणणार नाहीं. पण त्या पहाटेच्या आदल्या दिवशीं उजवीकडून आणि दुसऱ्या दिवशीं डावीकडून गाडी हांकणारा मनुष्य इतरांच्या जिवाशीं खेळला असता. संकेत बदलतां येतो. मात्र तो सर्वांनीं मिळून, जाहीरपणें बदलावयाचा असतो. एकट्यानें, मनांतल्या मनांत बदललेला संकेत म्हणजे फसवणूक. पुलाच्या तुळईचें मान काढणारा स्थापत्यविशारद एक सूत्र लिहून ठेवतो आणि दुसरा कोणी तें वाचून आकडे भरतो. रोग्याच्या वजनावरून औषधाची मात्रा काढण्याचें सूत्र एकजण लिहितो आणि रात्रपाळीची परिचारिका तें वाचते. त्या दोघांची भेटहि झालेली नसेल. त्यांच्यामध्यें जो विश्वास आहे तो या क्षुल्लक दिसणाऱ्या नियमावर टेकलेला आहे. म्हणून 'वीस' या उत्तरावरील फुली आम्ही पुसणार नाहीं. ती न्याय्य आहे. फक्त ती असत्याबद्दलची फुली नव्हे. सर्वांनीं घेतलेल्या ठेक्यांत तूं अजून सामील झाला नाहींस, एवढेंच ती सांगते.

आतां या बंधनाची दुसरी बाजू. नियम वाचणाऱ्यास बांधतो तसाच, किंबहुना त्याहून अधिक, तो लिहिणाऱ्यास बांधतो. २०१९ सालीं ८ ÷ २(२ + २) ही पदावलि देशोदेशींच्या वर्तमानपत्रांत गाजली. कित्येकांचें उत्तर सोळा, कित्येकांचें एक. आणि दोन्ही पक्ष एकमेकांस अडाणी ठरविण्यांत गुंतले. डावीकडून उजवीकडे जाणाऱ्यास आठाचा निम्मा चार आणि चार चोक सोळा असें दिसतें; ज्यास बीजगणिताची संवय आहे त्यास कंसाला चिकटलेला २ कंसापासून तोडवत नाहीं, आणि तो आठास आठांनीं भागतो. हा मतभेद नवा नाहीं. एन्. जे. लेनेस या गणिताध्यापकानें १९१७ सालींच अमेरिकेंतील एका गणितविषयक मासिकांत दाखविलें होतें कीं, पाठ्यपुस्तकांतील नियम एक सांगतो आणि गणितज्ञांचें प्रत्यक्ष लेखन दुसरेंच करतें. १२अ ÷ ३अ या पदावलीचें उत्तर जाणते लोक ४ देतात. पुस्तकी नियम अक्षरशः लाविला तर येथें अ चा वर्ग उत्पन्न होतो. फ्लोरियन कॅजोरी यानेंहि गणितचिन्हांच्या आपल्या १९२८ च्या इतिहासांत, गुणाकार व भागाकार एकत्र आले असतां आधीं कोणता करावा याविषयीं एकमत नाहीं, असें नमूद केलें आहे. आणि २००९ सालीं आंतरराष्ट्रीय मानकीकरण संघटनेनें आपल्या मानकांत ÷ हें चिन्ह वापरूं नये असेंच सुचविलें.

जेथें संकेत पुरता ठरलेलाच नाहीं तेथें मुद्दाम संदिग्ध ओळ लिहावयाची, वाचकानें एक अर्थ घेतला कीं दुसरा अर्थ दाखवून त्यास हंसावयाचें, हा खेळ आम्हांस गणिताचा वाटत नाहीं. संदिग्ध लिहिणारा वाचकाच्या विश्वासाचा गैरफायदा घेतो. एखाद्या गृहस्थानें मृत्युपत्रांत 'माझे वृद्ध नोकर व शेजारी यांस प्रत्येकीं हजार रुपये द्यावे' असें लिहून ठेविलें, तर 'वृद्ध' हें विशेषण शेजाऱ्यांनाहि लागतें कीं केवळ नोकरांना, यावरून तरुण शेजारी आणि त्या गृहस्थाचे वारस न्यायालयाची पायरी चढतील. दोष त्या तरुण शेजाऱ्याचाहि नाहीं आणि वारसांचाहि नाहीं. ज्यानें शब्दांना कंस घातला नाहीं त्याचा आहे. एक कंस घालण्यास किती शाई लागते? जेथें दोन अर्थ संभवतात तेथें आपला अर्थ स्पष्ट करून ठेवणें हें दुसऱ्याच्या वेळेविषयीं व बुद्धीविषयीं आदर दाखविणें होय. नियम करणाऱ्यांपैकीं जे थोर होऊन गेले त्यांनीं हा आदर दाखविलेला आहे. पाणिनीच्या व्याकरणांत तुल्यबल असे दोन नियम एकाच ठिकाणीं प्राप्त झाले तर कोणता बलवान् धरावा याचा निर्णय त्यानें स्वतःच एका सूत्रानें देऊन ठेविला आहे: पुढचा नियम लागावा. आयव्हर्सनचा क्रम आपल्याहून उलटा असला तरी त्यानेंहि तो आधींच सांगून ठेविला होता.

आपल्या शाळांतून हा क्रम 'कंचेभागुबेव' या सांकेतिक शब्दानें पाठ करवितात: कंस, 'चे', भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. इंग्रजी शाळांतील 'बॉडमास' तोच. स्मरणास आधार म्हणून अशा शब्दाचा उपयोग आम्हांस मान्य आहे. पण आज्ञाधारक मूल त्याचें अक्षरशः पालन करूं लागलें तर काय होतें पाहा. १० − ४ + ३ ही ओळ त्याच्यापुढें आली. सूत्रांत 'बे' हें 'व'च्या आधीं आहे; म्हणून त्यानें चार व तीन यांची बेरीज आधीं केली, ती दहांतून वजा केली, आणि उत्तर लिहिलें तीन. अपेक्षित उत्तर नऊ. कारण बेरीज व वजाबाकी एकाच दर्जाच्या असून त्या डावीकडून जशा येतील तशा करावयाच्या असतात. हा निम्मा नियम सूत्रांत मावलेलाच नाहीं. अमेरिकेंतील मुलें 'पेमडास' असा शब्द पाठ करतात. त्यांत गुणाकार भागाकाराच्या आधीं येतो, आपल्या सूत्रांत भागाकार गुणाकाराच्या आधीं. दोघांनीं अक्षर धरलें तर १२ ÷ २ × ३ याचीं दोन उत्तरें येतील, तिकडे दोन आणि इकडे अठरा. दोघांनीं अभिप्राय धरला तर दोहोंकडे अठराच. म्हणजे सूत्र पाठ करून तें शब्दशः पाळणाऱ्या गुणी मुलासच येथें फुली मिळते. त्याचा अपराध इतकाच कीं त्यानें सांगितल्याप्रमाणें केलें. अशी फुली मिळालेलें मूल दोहोंपैकीं एक गोष्ट शिकतें: नियमामागील हेतु विचारला पाहिजे ही, किंवा मोठ्या माणसांच्या नियमांना कांहीं अर्थ नसतो ही. कोणती शिकावी हें बव्हंशीं त्या वेळीं शेजारीं असलेल्या शिक्षकावर किंवा पालकावर अवलंबून असतें.

म्हणून आमची सूचना साधी आहे. मुलास तीन गोष्टी निरनिराळ्या करून सांगाव्या. तीन चोक बारा हें कोणी ठरविलें नाहीं. तें तुला स्वतःला चिंचोके मांडून पाहतां येतें, आणि येथें शिक्षक चुकला तर तूं त्यास चूक दाखवावी. गुणाकार आधीं हें लोकांनीं ठरविलें आहे. तें कां ठरविलें हें वह्या-पेन्सिलीच्या हिशेबावरून कळतें, आणि कारण कळलें तरी एकट्यानें तें बदलावयाचें नसतें. आणि जेथें ठरलेलें पुरतें स्पष्ट नाहीं, तेथें कंस घालावयाचा. तेवढ्यानें दुसऱ्याचा घोटाळा टळतो. या तीन वाक्यांस वर्गांत पांच मिनिटें लागतील. त्या पांच मिनिटांत मूल सत्याचा, संकेताचा आणि सौजन्याचा पहिला धडा घेऊन उठेल.

हा धडा शाळेच्या भिंतीबाहेरहि लागतो. आपलें गृहस्थजीवन संकेतांनीं भरलेलें आहे: वडील मंडळींस 'अहो' म्हणावें, पंक्तींत सर्वांचीं पानें वाढून होईपर्यंत घास घेऊं नये, दुसऱ्याच्या दारांत पादत्राणें काढावीं. यांपैकीं एकहि तीन चोक बाराच्या जातीचें सत्य नाहीं. तरीहि त्यांत एकमेकांविषयींची कांहीं समजूत सांठविलेली आहे, आणि केवळ 'हें ठरविलेलें आहे' एवढ्यावरून तीं मोडणें शहाणपणाचें नाहीं.

परंतु येथें एक सावधगिरीहि हवी. अंकगणिताच्या संकेताचा एक मोठा गुण असा कीं त्याचें ओझें कोणा एकावर पडत नाहीं. गुणाकार आधीं केल्यानें श्रीमंताचा फायदा आणि गरिबाचा तोटा होत नाहीं. पुरुषास सूट आणि स्त्रीस जाच होत नाहीं. समाजांतील साऱ्याच संकेतांविषयीं असें म्हणतां येत नाहीं. कांहीं संकेत एकानें ठरविले आणि दुसऱ्यानें सोसले. कोणी कोणत्या विहिरीवर पाणी भरावें, विधवेनें काय ल्यावें व काय ल्यावें नये, हेंहि एके काळीं 'असेंच असतें' या सुरांत, जणूं तीन चोक बारा सांगावे तसें, सांगितलें गेलें. ज्यांनीं तें ऐकलें त्यांना लहानपणीं कोणी हा भेद शिकविला असता, तर 'हें सत्य आहे कीं ठरलें आहे? ठरलें असेल तर कोणी ठरविलें, आणि कोणाच्या सोयीसाठीं?' असें विचारण्याचें धैर्य कदाचित् पुष्कळ आधीं आलें असतें.

तेव्हां, २ + ३ × ४ याचें उत्तर वीस आणणाऱ्या मुलास चौदा हें उत्तर अवश्य शिकवावें. पण त्यानें 'आधीं गुणाकार कां?' असें विचारलें, तर त्यास गप्प बसवूं नये. त्याच्या प्रश्नास उत्तर आहे, तें सांगण्याजोगें आहे, आणि सांगण्यास फार वेळ लागत नाहीं. ज्या नियमास असें उत्तर देतां येतें तो नियम विचारल्यानें दुबळा होत नाहीं. ज्या नियमास उत्तर देतां येत नाहीं, आणि ज्याचे रक्षक प्रश्न ऐकतांच रागावतात, त्याचा विचार त्या मुलानें मोठेपणीं अवश्य करावा.